अर्चनाने आखलेला ऑस्ट्रिया

जव्हार

आमच्या घरातून परदेशी गेलेली पहिली मुलगी अर्चना, आणि तिच्या मागोमाग गेलेली पहिली बाई मी. दोघींपैकी हौसेखातर कुणीच गेलं नाही. ती शिकायला गेली आणि मी तपासणीला.

अर्चना माझ्या धाकट्या भावाची, एकनाथची मुलगी. एकनाथ जामसरला प्राथमिक शिक्षक आहे. पाचवीपासून अर्चना जव्हारला माझ्याकडे राहून शिकली, पुढे शेतकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकजवळच्या एका गावी गेली. डोंगर-उतारावर चालणारी शेतीची यंत्रं हा तिचा विषय. दोन वर्षं ती एकदाही फिरायला गेली नव्हती. सुट्टी लागली की कुठल्यातरी उपाहारगृहात भांडी धुवायची. शिक्षण संपत आल्यावर तिने घरी कळवलं की इथल्याच एका कंपनीत वर्षभर काम मिळतंय, राहू का?

एकनाथचं मत होतं की तिने परत यावं आणि कृषी खात्याच्या परीक्षेला बसावं. हे त्याने तिला सांगितलं नाही, मला सांगितलं.

"ताई, तू जाऊन बघ. आपलं आपण निभावते असं तुला वाटलं, तर राहू दे. नाहीतर येताना घेऊनच ये."

"आणि तू का जात नाहीस?"

"मला काय कळतं त्यातलं? तू रोज माणसं पारखतेस."

मी मोखाड्याच्या पंचायत समितीत मुख्यसेविका आहे. पाड्यापाड्यावरच्या अंगणवाड्या बघणं हे माझं काम. त्यात माणसं पारखणं कमी आणि माणसांची वाट बघणं जास्त. पण तो माझ्या भरवशावर मोकळा झाला, तसा तो लहानपणापासून होतच आलाय.

मी येणार म्हटल्यावर अर्चनाने आयुष्यातली पहिली सुट्टी घ्यायची ठरवली. शेजारचा देश ऑस्ट्रिया, तिथे दोघींनी आठवडाभर फिरायचं. तिचा बेत ईमेलने आला. सायबर कॅफेतल्या पोराकडून तो छापून घेतला आणि रविवारी सगळे माझ्या ओट्यावर जमले. तिथून माझं डोकं उठायला सुरुवात झाली.

बेत असा होता: साल्झबुर्ग नावाच्या शहरात दोन दिवस, आणि उरलेले सगळे दिवस एका डोंगरातल्या खोऱ्यात, शेतकऱ्याच्या घरी.

"डोंगरात?" एकनाथ म्हणाला. "डोंगरच बघायचे तर दाभोसाला काय वाईट आहे?"

"व्हिएन्ना नाही यात," शेजारचे पाटील सर म्हणाले. ते भूगोल शिकवत, म्हणून जगाची जबाबदारी त्यांच्यावर. "राजधानी सोडून कोण फिरतं? आणि स्वित्झर्लंड अगदी बाजूला आहे बाई. एक पाऊल टाकून या."

"त्याचा व्हिसा वेगळा लागतो, सर."

"एका पावलाला?"

एकनाथची बायको शोभा इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "वन्सं, त्या शेतकऱ्याकडं जाल तं त्यांनाबी काय काम आसंल, हात लावा. रिकाम्या हातानं नका जाव."

एवढं एकच शहाणपणाचं वाक्य त्या सभेत बोललं गेलं. मी नाचणीचं पीठ आणि लसणाची चटणी बांधून घेतली. बेत मात्र तसाच राहिला. मी फोनवर अर्चनाला व्हिएन्नाबद्दल, राजवाड्याबद्दल, स्वित्झर्लंडबद्दल सगळ्यांचं म्हणणं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघते आत्या." दोन दिवसांनी नवा कागद आला. त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता.

सीमा

विमानाचा प्रवास सांगत नाही. बसून राहावं लागतं, एवढंच त्यात आहे.

अर्चना वाळली होती आणि चष्मा लागला होता. तिची खोली माझ्या न्हाणीघराएवढी, पण स्वच्छ. चौथ्या दिवशी आम्ही निघालो. "गाडी सातला आहे," ती म्हणाली. मी साडेसहाला फलाटावर. गाडी आली आठला. युरोपातल्या गाड्या घड्याळ लावून धावतात असं आयुष्यभर ऐकलेलं. म्हणून मी फलाटावरचा तक्ता बघितला. अक्षरं कळत नव्हती तरी आकडे कळतात. गाडी आठचीच होती.

ही युक्ती माझी. मला अंगणवाडी सेविकांची सभा अकराला हवी असेल तर मी दहाची सांगते. बाया अकराला येतात. त्यांना ठाऊक असतं की बाईंचे दहा म्हणजे अकरा, मला ठाऊक असतं की त्यांना ठाऊक आहे, आणि काम चालतं. घरच्या लग्नकार्यातही मी वेळ अशीच सांगते. अर्चना माझ्याच घरात वाढलेली. माझीच युक्ती तिने माझ्यावर चालवली होती. मी मनात नोंद करून ठेवली.

देशाची सीमा कधी आली ते कळलंच नाही. मी खिडकीत डोळे लावून बसले होते. सिल्वासाहून जव्हारला येताना नाक्यावर गाडी थांबते, पोलीस आत डोकावतो, तिकडची स्वस्त दारू कुणी आणतंय का म्हणून पिशवी चाचपतो. इथे एक देश संपून दुसरा लागला आणि समोरच्या म्हातारीने सफरचंद सोलायचंही थांबवलं नाही.

"कुठे आहे सीमा?" मी विचारलं.

"मागे गेली, आत्या. ती नदी होती ना."

"मग सांगायचं होतंस."

"सांगून काय करणार होतीस?"

माझ्याकडे उत्तर नसलं की मला राग येतो.

साल्झबुर्ग

शहर सुंदर आहे. एवढं सांगून पुढे जाते, कारण आम्ही ते छत्रीखालून बघितलं. आमच्याकडचा पाऊस कोसळतो, थांबतो, ऊन पडतं, माणूस कामाला लागतो. तिथला पाऊस गळक्या नळासारखा, ना धड चालू ना धड बंद. दुसऱ्या दिवशी मिठाची खाण बघायची होती. अर्चनाने वेळ नऊची सांगितली. आम्ही बंद दारासमोर तासभर उभ्या राहिलो. दहाला दार उघडलं. मी पुढच्या हिशेबाला पक्कं केलं की अर्चनाच्या घड्याळातून एक तास वजा करायचा.

खाणीत सगळ्यांना पोतडीसारखे पांढरे विजार-सदरे घालायला देतात आणि लाकडी घसरगुंडीवरून खाली सोडतात. पन्नाशीच्या बाईला घसरगुंडीवरून सोडणं हे कुठल्या बेतात बसतं, असं मी अर्चनाला विचारलं. ती खालून म्हणाली, "पाय उचल फक्त." मागे माणसांची रांग होती, म्हणून उचलले.

जेवणाचं म्हणाल तर मला कशाचं वावडं नाही. मटण, मासे, सुकट, सगळं खाते. पण त्यांच्याकडे शिळ्या पावाचे लाडवाएवढे गोळे करून पाण्यात उकडतात आणि सारात बुडवून देतात. एक गोळा खाल्ल्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही, आणि ते तीन देतात. बाजूच्या टेबलावरच्या बाईने तीनही संपवले. ती माझ्या निम्मी होती. मी पिशवीतली लसणाची चटणी काढली तेव्हा अर्चनाने आजूबाजूला पाहिलं, मग स्वतःचंही ताट पुढे केलं.

खोऱ्याच्या तोंडाशी

शनिवारी आम्ही आगगाडीने एका लहान गावात उतरलो. तिथून वरच्या खोऱ्यात बस जाते. ती शेवटच्या वस्तीपर्यंत आम्हाला नेणार होती, आणि तिथे शेतकऱ्याच्या घरी आमची खोली ठरलेली.

"बस सव्वातीनला आहे," अर्चना म्हणाली. "लांब जाऊ नकोस."

सव्वातीन म्हणजे सव्वाचार. मी सामानापाशी तिला ठेवलं आणि गाव बघायला निघाले. दुकानं बंद. शनिवारी दुपारी, जेव्हा माणसाला बाजार करायचा असतो, तेव्हाच ती बंद. मोखाड्याला आठवड्याच्या बाजारात हे सांगितलं तर लोक हसतील. चर्चच्या मागे दफनभूमी होती आणि तिथे मात्र गजबज. बाया झारीने कबरींवर पाणी घालत होत्या, तण उपटत होत्या, मातीवरचा पाला वेचत होत्या. प्रत्येक कबर म्हणजे नीट राखलेला वाफा. आपल्याकडे मेलेल्या माणसासाठी वर्षातून एकदा पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची आणि मोकळं व्हायचं. इथे आठवड्याला निंदणी. एका बाईने मला झारी देऊ केली. तिची दुसरी कबर बाकी होती. मी घातलं पाणी. कुणाची होती ते माहीत नाही. बाई काहीतरी बराच वेळ सांगत होती आणि मी मान हलवत होते.

रमतगमत परत आले तेव्हा चार वाजायला आले होते. अर्चना थांब्यावर दोन पिशव्यांच्या मधे उभी होती.

"कुठे होतीस?"

"कबरींना पाणी घालत होते. अजून वेळ आहे की."

"बस गेली, आत्या."

"सव्वाचारची?"

"सव्वातीनची. मी सव्वातीन सांगितलं होतं."

"तू तासभर आधीची वेळ सांगतेस. गाडीला सांगितलीस, खाणीला सांगितलीस."

"ते मी बंद केलं," ती म्हणाली. "दोनदा उगाच तासभर ताटकळलो. आणि तू वेळेच्या आधीच येतेस हे बघितलं. मग कशाला सांगू खोटं?"

"बंद केलंस तर कळवायचं होतंस."

"चालू केलं तेव्हा तरी कुठे कळवलं होतं?"

तिने ड्रायव्हरला थांबायची विनंती केली होती. त्याने तिला घड्याळ दाखवलं. आमचा कंडक्टर असता तर उतरून माझ्या नावाने हाका मारल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, आणि थांबला असता. ही शेवटची बस होती. रविवारी त्या रस्त्याला बसच नाही, एकदम सोमवारी. टॅक्सी गावात नव्हती, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं. वर बोचरा वारा सुटला होता आणि पुन्हा तोच गळका पाऊस.

मी अशी अडून राहणारी बाई नाही. मोखाड्याच्या रस्त्यावर माझी जीप कितीदा चुकली आहे. तेव्हा मी दुधाचा टेम्पो, बांधकामाचा ट्रक, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी, जे येईल त्याला हात केला आहे. मी पिशवी उचलली, थांब्यापासून पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि वर जाणाऱ्या पहिल्या गाडीला हात केला. उघडी मालवाहू गाडी होती, मागे तारेची भेंडोळी आणि खांब. ती थांबली. टोपीवाला लालबुंद माणूस खिडकीतून वाकून काहीतरी बोलला आणि दार उघडून दिलं.

"चल," मी म्हटलं.

अर्चनाने पिशवी उचलली नाही. ती खिडकीशी गेली, त्याला काही विचारलं. तो बोलला. तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा बोलला, जास्त मोठ्याने. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"नाही, आत्या."

"काय नाही?"

"मी बसणार नाही. आणि तूही नाही बसायचं."

"अगं पाऊस येतोय. माणूस चांगला दिसतोय."

"तो काय म्हणतोय ते मला कळत नाहीये. इथली बोली वेगळी आहे, मी शिकले ती भाषा नाही ही. आपल्याला कुठे जायचंय हे त्याला कळलं का तेही मला माहीत नाही. समजल्यासारखं करून मी गाडीत बसणार नाही."

"मोखाड्याला मी रोज बसते."

"मोखाड्याला तुला सगळे ओळखतात. तू हात करतेस तेव्हा बाई उभ्या आहेत म्हणून थांबतात. इथे कोण आहेस तू?"

आमच्या घरात मला नाही म्हणायची पद्धत नाही. नवरा गेल्यापासून तर नाहीच. लोक हो म्हणतात आणि मग त्यांना हवं ते करतात. एकनाथ तसाच, बेताच्या वेळी अर्चनाही तशीच. तोंडावर, रस्त्यात, परक्या माणसादेखत मला नाही म्हणणारं हे पहिलंच. मी एवढी संतापले की मराठीतून त्या टोपीवाल्यालाच सांगायला लागले की ही मुलगी बघा. तो इंजिन बंद करून ऐकत बसला. मग अर्चनाने त्याला हात जोडल्यासारखं करून काहीतरी म्हटलं, त्याने खांदे उडवले, दार ओढून घेतलं आणि गाडी गेली.

मी थांब्याच्या शेडमध्ये जाऊन बसले आणि ठरवलं की हिला घेऊनच जायचं. माणूस मदत करतोय तर ती घ्यायची अक्कल नाही, बस चुकली तर पुढचा बेत नाही. ह्या पोरीचं इथे काय होणार? एकनाथला काय सांगायचं ते माझं बसल्या जागी तयार झालं.

अर्चना समोरच्या फोनच्या खोक्यात होती. दार तिने पायाने उघडं धरलं होतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. आम्ही जिच्याकडे उतरणार होतो त्या शेतकरणीला ती फोन करत होती. पलीकडचा आवाज शेडपर्यंत येत होता, एवढा मोठा. शब्द मला कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं, कारण पाड्यावर नवीन आलेल्या सेविकेचं हेच होतं. पुस्तकी मराठी शिकून येते, समोरची बाई घरच्या बोलीत बोलते, आणि सेविका हो हो म्हणून रजिस्टर भरते. वर्षानुवर्षं माझा निम्मा वेळ असे हो हो निस्तरण्यात गेला आहे.

अर्चना हो म्हणाली नाही. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. नंतर मी अर्थ विचारला. "मला समजलं नाही, कृपया हळू सांगा." पलीकडची बाई चिडली, हे सूर ऐकून कळलं. अर्चनाचा आवाज चढला नाही आणि ओशाळलाही नाही. पैसे टाकायची, तेच वाक्य म्हणायची. शेवटी पलीकडचा आवाज एकेक शब्द तोडून बोलायला लागला. अर्चनाने ऐकलेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, आणि फोन ठेवला.

"गाईंचं दूध काढून झालं की येते म्हणाली. दीड-दोन तास लागतील. इथून हलू नका म्हणाली."

"आणि नाही आली तर?"

"तर खाली गावात खोली बघू. एक सराई बघून ठेवलीय मी, तू कबरींना पाणी घालत होतीस तेव्हा."

थंडी वाजत होती आणि ती तिच्या अंगावरची शाल देईल अशी भीती होती. शाल नाही दिली. तिने माझ्या पिशवीतून माझाच स्वेटर काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

खोऱ्यात

शेतकरीण आली ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून, आणि आली तीच बोलत. सगळा रस्ता बोलत होती. अर्चना मधेच थांबवून विचारायची, मग ती पुन्हा सांगायची. घरी पोचल्यावर मी शोभाचा सल्ला आठवून भांडी विसळायला म्हणून आत निघाले, तर तिने मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. आमच्या पाड्यावर परकी बाई आली तर आधी चुलीपाशी नेतात. इथे चूल म्हणजे मालकिणीचा मुलूख. नाचणीचं पीठ मी तिला दिलं. तिने वास घेतला आणि कोंबड्यांसाठी आहे का असं विचारलं.

सकाळी न्याहारीला टेबलावर तो टोपीवाला बसला होता.

तो तिचा दीर निघाला. बाजूच्याच घरात राहणारा. वहिनीकडे दोन काळ्या बायका यायच्यात हे त्याला माहीत होतं, म्हणून तर थांबला होता. काल आम्हाला तेच ओरडून सांगत होता. सगळी हकिकत सांगून तो टेबलावर हात आपटून हसला, ती शेतकरीणही हसली. अर्चनाने मला ते मराठीत सांगितलं तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"बघितलंस?" मी म्हटलं. "दोन तास थंडीत बसवलंस मला. मी म्हणत होते ना, माणूस चांगला आहे."

"हो, चांगला आहे."

"मग? आता पुन्हा असं झालं तर?"

तिने पावाला लोणी लावलं, सगळीकडे नीट पसरवलं. "मला कळलं नाही तर नाहीच बसणार," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी डोंगर बघितले. उभ्या उतारावर ती माणसं गवत कापतात, दोन चाकांचं यंत्र हाताने सावरत, बुटाच्या तळव्याला खिळे लावून. आमच्याकडे त्याहून उभ्या वरकस उतारावर बाया विळ्याने कापतात आणि भारा डोक्यावरून उतरवतात. अर्चनाने त्या दिराकडून यंत्र सोडवून, उलटं करून, तेलाने हात माखून बघितलं. सुट्टीत. मी बाकावर बसून चिडत राहिले, आणि तो दीर तिच्याशी एकेक शब्द तोडून बोलत राहिला.

जामसर

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी एकनाथकडे गेले. भाताची आवणी संपून गाव जरा निवांत होतं. शोभाने चहा टाकला. मी सगळं क्रमाने सांगितलं. व्हिएन्ना नाही, राजधानी नाही, बस चुकली, मदतीला आलेला सज्जन माणूस हाकलला, थंडीत बसलो, बाईने माझं पीठ कोंबड्यांना घातलं.

"म्हणजे जमत नाही तिला," एकनाथ म्हणाला. "मग घेऊन का नाही आलीस?"

"ती मला नाही म्हणाली."

"यायला नाही म्हणाली?"

"यायचं मी विचारलंच नाही. गाडीत बसायला नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती चुकली असं सिद्ध झालं, तरी नाहीच म्हणाली."

एकनाथ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तो मला जन्मापासून ओळखतो. चुलीपाशी शोभा एकदा हसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

"राहू दे तिला," मी म्हटलं. "वर्षभर कशाला, हवं तेवढं राहू दे."

एकनाथ म्हणाला, "तिथे थंडी फार पडते म्हणतात. गोधडी पाठवता येईल का गं पोस्टाने? का कुणाबरोबर देऊ?"

"मला काय विचारतोस? तिला विचार. हवी असेल तर सांगेल. नको असेल तर नाही म्हणेल."